'आसेगावकर' : ग्रामवाचक आडनावाचा अर्थ, प्रसार आणि व्युत्पत्तीची मर्यादा

१

मराठी आडनावांच्या अभ्यासात ग्रामनामाला '-कर' हा प्रत्यय लागून सिद्ध झालेली आडनावे सर्वांत सुबोध समजली जातात. 'इंगळे', 'गावंडे', 'वानखडे' यांसारख्या नावांपाशी अभ्यासक थबकतो. 'आसेगावकर' या नावापाशी त्याला थबकण्याचे कारण दिसत नाही. आसेगाव हे गाव, त्याला '-कर' हा प्रत्यय, आणि म्हणून 'आसेगावचा राहणारा' हा अर्थ. एवढे सांगून झाले की विषय संपला, अशी सामान्य समजूत आहे. आडनावकोशांतून आणि कुलवृत्तान्तांच्या प्रास्ताविकांतून ही समजूत इतकी दृढ झाली आहे की तिची परीक्षा करण्याची आवश्यकता फारशी कोणास वाटलेली नाही.

वस्तुतः या सुबोध वाटणाऱ्या विग्रहात तीन स्वतंत्र विधाने एकत्र गुंफलेली आहेत. पहिले, हे आडनाव धारण करणारे कुल आसेगावात राहणारे होते. दुसरे, ते आसेगाव कोणते हे आपणांस ठाऊक आहे. तिसरे, ग्रामनामाची व्युत्पत्ती लागली की आडनावाचा अर्थ लागला. या तिन्ही विधानांपैकी एकही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. '-कर' हा प्रत्यय वसतीचा वाचक नसून वियोगाचा वाचक आहे, तो मनुष्याला त्याच्या गावाने नव्हे तर दुसऱ्या गावाने दिलेला असतो, आणि म्हणून त्याचा अर्थ ग्रामनामाच्या व्युत्पत्तीत शोधणे ही दिशाभूल होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. त्यासाठी वाशीम जिल्ह्यातील आसेगाव आणि त्याच्या भोवतीचा वऱ्हाडचा प्रदेश हे उदाहरण म्हणून घेतले आहे. तुलनेसाठी पोलिश आडनावांचा विचार केला आहे, कारण ग्रामवाचक आडनावांचा असाच विपुल प्रपंच त्या भाषेत झालेला आहे.

२

प्रथम प्रत्ययाचा विचार करणे सोयीचे होईल. '-कर' म्हणजे संस्कृतातील 'करणारा' या अर्थाचा 'कर' अथवा 'कार', असे पुष्कळदा सांगितले जाते. या मताला दोन अडचणी आहेत. पहिली अर्थाची : 'चित्रकार' चित्र करतो, परंतु 'आसेगावकर' आसेगाव करीत नाही. दुसरी अडचण ध्वनींची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला व वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. तेव्हापासून मराठीतील ध्वनिपरिवर्तनांची कसोटी अभ्यासकांच्या हाती आहे. स्वरमध्यस्थ 'क' प्राकृतात लोपतो. म्हणून 'कुंभकार' याचा 'कुंभार' झाला, 'सुवर्णकार' याचा 'सोनार' झाला. ग्रामवाचक '-कर' हा त्याच परंपरेने आला असता, तर त्यातील 'क' टिकला नसता. तो टिकला आहे, यावरून हा प्रत्यय उशिरा जोडला गेला असावा, किंवा दीर्घकाळ तो स्वतंत्र शब्द म्हणून जाणवत असावा, असा निष्कर्ष काढणे प्राप्त होते. संबंधवाचक प्राकृत 'केर', 'केरक' यांच्याशी त्याचे नाते जोडण्याचा पर्याय अर्थाच्या दृष्टीने अधिक समाधानकारक आहे. 'अमक्या गावाशी संबंध असलेला' एवढाच अर्थ त्यातून निघतो, आणि तेवढाच या आडनावांना हवा आहे. कोकणीत हाच प्रत्यय '-कार' असा दीर्घ उच्चारला जातो, हेही येथे ध्यानात ठेवावयास हवे. व्युत्पत्तीचा निर्णय या दोन्ही रूपांना एकत्र धरूनच करावा लागेल.

ग्रामनामावरून मनुष्य ओळखण्याची रीत वऱ्हाडात अर्वाचीन नाही. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. 'कामसूत्रा'त तेथील लोकांचा निर्देश 'वात्सगुल्मक' असा येतो, तर राजशेखराने वैदर्भी रीतीला दिलेले 'वच्छोमी' हे प्राकृत नाव याच नगरनामावरून आले आहे. परंतु मराठीपुरते बोलावयाचे तर सर्वांत बोलका पुरावा महानुभावांच्या 'साती ग्रंथां'च्या कर्त्यांच्या नावांत आहे. 'शिशुपालवधा'चा कर्ता भास्करभट्ट बोरीकर, 'ज्ञानप्रबोधा'चा कर्ता विश्वनाथ बाळापूरकर, आणि 'ऋद्धिपूरवर्णना'चा कर्ता नारायण व्यास बहाळिये. पहिल्या दोघांना '-कर' लागला आहे. तिसऱ्याचे नाव बहाळ या ग्रामनामावरून झालेले दिसते, परंतु त्याला '-कर' न लागता '-इये' लागला आहे. ही उपपदे सांप्रदायिक परंपरेने पोथ्यांतून जतन केलेली आहेत, आणि ती कर्त्याच्या हयातीतच रूढ होती असे गृहीत धरता येत नाही. तथापि एका संप्रदायाच्या स्मरणात एकाच वेळी दोन प्रत्यय नांदत होते, आणि त्यांतील एकाने दुसऱ्याला पूर्णतः हटविले नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

या दुसऱ्या प्रत्ययाची परंपरा वऱ्हाडात आजही खंडित झालेली नाही. 'बाळापूरकर' याच्या शेजारी 'बाळापुरे' आहे, 'नागपूरकर' याच्या शेजारी 'नागपुरे', 'मलकापूरकर' याच्या शेजारी 'मलकापुरे'. 'बहाळिये' यातील प्रत्ययाशी या रूपांचे साजात्य उघड आहे. '-कर' हाच ग्रामवाचक आडनावांचा एकमेव साचा होय असे मानून जे संग्रह तयार होतात, त्यांतून ही सर्व नावे निसटतात आणि 'अर्थ अनिश्चित' या सदरात जाऊन पडतात. वऱ्हाडातील ग्रामवाचक आडनावांचे प्रमाण देशावरील किंवा कोकणातील प्रमाणापेक्षा कमी आहे असे जे विधान अधूनमधून केले जाते, ते मान्य करण्यापूर्वी गणनेत '-ए'कारान्त रूपे धरली होती की नाही, हे विचारणे आवश्यक ठरते.

३

आता पहिल्या विधानाकडे वळता येईल. आसेगावात राहणाऱ्या मनुष्याला आसेगावात 'आसेगावकर' म्हणून कोणी हाक मारणार नाही. जेथे सर्वच आसेगावचे, तेथे हे विशेषण कोणालाच कोणापासून वेगळे करू शकत नाही. गावात मनुष्य ओळखला जातो तो बापाच्या नावाने, धंद्याने, वतनाने, घराच्या जागेने, अथवा अंगच्या एखाद्या गुणदोषाने. तोच मनुष्य कारंज्यास किंवा अमरावतीस जाऊन राहिला की तेथील लोकांपुढे 'हा कोण?' हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे सर्वांत सोयीस्कर उत्तर 'आसेगावकर' हे असते. नाव आसेगावचे आहे, परंतु नामकरण कारंज्याचे आहे. म्हणून 'आसेगावकर' हे आडनाव कुलाच्या आसेगावातील वास्तव्याचा जितका पुरावा आहे, त्याहून अधिक ते कुल आसेगावातून बाहेर पडल्याचा पुरावा आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की 'पुणेकर', 'मुंबईकर' हे शब्द तेथे राहणाऱ्यांनाच लावले जातात. हे खरे आहे, परंतु तेथे ते सामान्यनामे म्हणून वापरले जातात, आणि तेही बाहेरच्यांशी तुलना मनात असतानाच. सामान्यनाम म्हणून '-कर' वर्तमान वसती सांगतो आणि आडनाव म्हणून भूतकालीन वसती सांगतो. म्हणूनच 'सातारकर' आडनावाचा गृहस्थ पुण्याचा रहिवासी असेल, तर तो नावाने सातारकर आणि राहण्याने पुणेकर असू शकतो, आणि मराठी भाषकाला यात कसलीही विसंगती वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नागपूरकर भोसले नागपूरहून बाहेर पडलेले नव्हते. ते नागपूरचे सत्ताधीश होते. इचलकरंजीकर घोरपडे यांचेही तसेच. येथे '-कर' निर्गमनाचा नव्हे तर स्वामित्वाचा द्योतक आहे. तथापि हा अपवाद मूळ तत्त्वाला बाध आणीत नाही, उलट ते अधिक स्पष्ट करतो. भोसले सातारचेही होते आणि करवीरचेही होते. त्यांच्यातील एक शाखा दुसरीपासून वेगळी ओळखण्याची गरज नागपुराबाहेरच्या दरबारांना आणि त्यांच्या पत्रव्यवहाराला होती. नागपूरच्या रयतेला ती नव्हती. कुल गावातून बाहेर पडलेले असो की गावाचे धनी असो, '-कर' लावणारी दृष्टी बाहेरचीच असते.

जुन्या मराठी कागदपत्रांत व्यक्तीचा निर्देश करताना मूळ गाव आणि सध्याचे वास्तव्य अशी दोन स्थाने वेगवेगळी नोंदविण्याची पद्धत आढळते : 'मूळ राहणार अमुक, हल्ली वस्ती अमुक'. ग्रामवाचक आडनाव म्हणजे या वाक्यांशाच्या पूर्वार्धाचा संक्षेप होय. उत्तरार्ध गळून गेलेला असतो, कारण तो सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला समोरच दिसत असतो. आडनावाचा अर्थ लावताना हा गळालेला उत्तरार्ध पुन्हा जोडून घेणे हे अभ्यासकाचे पहिले काम आहे.

या भेदाला सामाजिक बाजूही आहे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही नावे गावातील अथवा परगण्यातील हक्काची नावे आहेत. गावगाड्यात ज्याला पिढीजात हक्क तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा तो 'उपरी'. उपऱ्याला त्या गावात वतन नसे, म्हणून वतनावरून नावही नसे. त्याच्यापाशी होते ते मागे टाकलेल्या गावाचे नाव. सर्वच '-कर' आडनावे उपऱ्यांची नव्हेत. इनाम मिळवून किंवा नोकरीनिमित्त दूर गेलेल्या वतनदार घराण्यांनीही ती धारण केली आहेत. परंतु या प्रत्ययात उपरेपणाचा जो सूक्ष्म सूर आहे, तो ध्यानात न घेता त्याला केवळ भूगोलाचा शिक्का मानणे हे अपुरे वाचन होय.

४

दुसरा प्रश्न : आसेगाव कोणते? वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीर तालुक्यात आसेगाव आहे, आणि त्याच जिल्ह्यात रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात आसेगाव पूर्णा आहे, तर अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात आसेगाव बाजार आहे. एका वऱ्हाडातच एवढी आसेगावे असताना 'आसेगावकर' हे नाव त्यांपैकी कोणाकडे बोट दाखविते हे नावावरून ठरविणे अशक्य आहे. हा प्रकार आसेगावापुरताच नाही. मालेगाव वाशीम जिल्ह्यात आहे तसे नाशिक जिल्ह्यातही आहे. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, तर कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. मंगरुळपीर वाशीम जिल्ह्यात, तर मंगरूळ दस्तगीर अमरावती जिल्ह्यात.

येथे एक लक्षणीय गोष्ट दृष्टीस पडते. पीर, लाड, घाडगे, दस्तगीर, पेन, पूर्णा, बाजार ही उपपदे म्हणजे गावांची आडनावेच होत. एकाच नावाची दोन गावे झाली की त्यांना वेगळे ओळखण्यासाठी संताचे, जमातीचे, घराण्याचे, नदीचे किंवा बाजाराचे नाव त्यांना जोडले गेले. माणसाला जी गरज भासली तीच गावालाही भासली. परंतु गावाचे नाव माणसाला लागताना हे उपपद गळून पडते. 'मंगरुळकर' रूढ आहे, 'मंगरुळपीरकर' नाही. जो भेद साधण्यासाठी गावाने एक शब्द अधिक स्वीकारला, तोच भेद आडनावात पुसला जातो. याचे कारण वर आले आहे : नाव देणाऱ्या दुसऱ्या गावाला हे आसेगाव की ते आसेगाव याची फिकीर नव्हती. आलेला मनुष्य आपल्यापैकी नव्हे, तो बाहेरच्या एका ठिकाणचा आहे, एवढे कळले की त्यांचे काम भागत होते.

५

तिसरे विधान ग्रामनामाच्या व्युत्पत्तीविषयी आहे. 'आसे-' या पदाची उपपत्ती लावण्याचे किमान तीन मार्ग मोकळे आहेत. 'आस' म्हणजे आशा, या स्त्रीलिंगी शब्दाचे सामान्यरूप 'आसे' होऊ शकते. संस्कृत 'अश्व' याचे प्राकृत 'अस्स' आणि त्यापासून 'आस' हे परिवर्तनही नियमाला धरून आहे. अश्वगंधेला मराठीत 'आसंध' म्हणतात, हा त्याचा निर्विवाद साक्षीदार. तिसरा मार्ग एखाद्या 'आसा' नामक व्यक्तीचा. 'घोडा' याचे जसे 'घोडेगाव', तसे 'आसा' याचे 'आसेगाव' होण्यास व्याकरणाची हरकत नाही. याखेरीज असाणा वृक्षाकडे बोट दाखविण्याचा मोह होणे साहजिक आहे, कारण पिंपळगाव, बोरगाव, पळसखेड, बाभूळगाव अशी वृक्षवाचक ग्रामनामे या प्रदेशात विपुल आहेत. परंतु तेथे 'ण'काराच्या लोपाचे समर्थन करावे लागते आणि ते सुलभ नाही.

तीन मार्ग मोकळे असणे म्हणजे तिन्हींपैकी एकही सिद्ध नसणे होय, ही साधी गोष्ट व्युत्पत्तीच्या उत्साहात विसरली जाते. या उत्साहाचे दोन प्रकार आहेत. एक लोकांचा, दुसरा पंडितांचा. वत्सगुल्म या नावासाठी वत्स ऋषीची कथा सांगितली जाते आणि कारंज्यासाठी करंज ऋषीची. 'करंज' हा वृक्ष गावोगाव उभा असताना ऋषीची आवश्यकता का भासावी, हे व्युत्पत्तीने नव्हे तर क्षेत्रमाहात्म्यांच्या रचनापद्धतीने स्पष्ट होते. पंडितांच्या उत्साहाचे सर्वांत मोठे उदाहरण वि. का. राजवाडे यांचे आहे. त्यांच्या नामादिशब्दव्युत्पत्तिकोशात प्रत्येक नावामागे संस्कृत रूप उभे करण्याची जी ईर्ष्या दिसते, तिने मराठीतील ग्रामनामांचा अभ्यास सुरू केला आणि त्याच वेळी त्याला एक चुकीचे वळणही दिले. ध्वनिसाम्य जुळले की मूळ सापडले, ही श्रद्धा त्या वळणाच्या मुळाशी आहे. गावाचे नाव प्राकृत, देशी, द्राविड अथवा केवळ एखाद्या विस्मृत पाटलाचे असू शकते, ही शक्यता या पद्धतीत विचारातच घेतली जात नाही.

राजवाडे यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजू सांगितली पाहिजे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेत त्यांनी जे हजारो कागद प्रकाशात आणले, त्यांत गावांची आणि माणसांची नावे त्या त्या काळच्या रूपात, तारखेसह आणि संदर्भासह सापडतात. नामाभ्यासाला हवा असलेला पुरावा नेमका हा आहे. कोशकार राजवाडे यांच्या निष्कर्षांपेक्षा साधनकार राजवाडे यांचे कागद या शास्त्राला अधिक उपकारक आहेत, असा निर्णय द्यावा लागतो. ग्रामनामाचे जुने रूप ताम्रपटात, शिलालेखात, सनदेत किंवा पोथीत मिळाल्यावाचून त्याची व्युत्पत्ती सांगणे, हे अनुमान म्हणून चालेल. कोशातील नोंद म्हणून चालणार नाही.

शिवाय, आसेगावाची व्युत्पत्ती उद्या निःसंशय सिद्ध झाली तरी 'आसेगावकर' या आडनावाच्या अर्थात तिने काय भर पडणार? ते कुल अश्वांशी संबंधित ठरणार नाही, की आशावादी ठरणार नाही. नाव देणाऱ्यांना 'आसे' या पदाचा अर्थ ठाऊक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. ग्रामनामाचा अर्थ गावाबरोबर राहतो. आडनावात येते ते केवळ गावाचे निर्देशन.

६

हाच प्रपंच दुसऱ्या एका भाषेत कसा घडला हे पाहिले असता वरील विवेचनाला बळकटी येते. पोलिश नावे महाराष्ट्राला सर्वस्वी अपरिचित नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, आणि 'स्की'कारान्त नावांशी त्या परिसराचा परिचय तेव्हाचा आहे. हा '-स्की' मूळचा विशेषण घडविणारा प्रत्यय आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत जमीनदार सरदारवर्गाने तो आपल्या गावाच्या नावाला जोडून आडनावे घेतली. पुढे तो शहरवासी आणि शेतकरी वर्गांतही पसरला. आरंभी तो स्वामित्वाचा द्योतक होता आणि नंतर प्रतिष्ठेचा अलंकार बनला. 'नागपूरकर भोसले' आणि 'आसेगावकर' यांमधील जे अंतर मराठीत दिसते, तेच तेथे एका प्रत्ययाच्या इतिहासात कालक्रमाने उलगडलेले आहे.

'दोंब्रोव्स्की' हे अत्यंत प्रचलित पोलिश आडनाव 'दोंब्रोवा' या ग्रामनामावरून आले आहे. 'दोंब्रोवा' म्हणजे ओकवृक्षांची राई. या नावाची गावे पोलंडात अनेक आहेत, आणि म्हणून दोंब्रोव्स्की कुले परस्परांशी संबंध नसताना ठिकठिकाणी निर्माण झाली. चेरीच्या झाडावरून नाव मिळालेल्या गावांपासून आलेल्या 'विश्नेव्स्की' या आडनावाचीही तीच कथा. अनेक आसेगावांनी उभा केलेला प्रश्न तेथे शतपटीने मोठा आहे. मराठीहून पोलिश एका बाबतीत अधिक काटेकोर आहे : वॉर्साचा रहिवासी सांगण्यासाठी तेथे वेगळा प्रत्यय आहे आणि 'वॉर्साकडील' या अर्थाचे आडनाव घडविण्यासाठी वेगळा. मराठीने ही दोन्ही कामे एका '-कर'कडे सोपविली आणि त्यातूनच 'आसेगावकर म्हणजे आसेगावचा राहणारा' हा भ्रम जन्मास आला. लिंगाच्या बाबतीतही भेद आहे. पोलिश स्त्रीचे आडनाव 'स्का'कारान्त होते. मराठीत बोलण्यात 'पुणेकरीण' असे रूप होते, परंतु लेखनिविष्ट आडनाव स्त्रीपुरुषांना समानच राहते.

तुलनेचा खरा लाभ मात्र 'नोवाक' या आडनावापासून होतो. पोलंडातील हे सर्वांत प्रचलित आडनाव. ते धारण करणाऱ्यांची संख्या सुमारे दोन लाख आहे. त्याचा अर्थ 'नवा', म्हणजे गावात नव्याने आलेला. 'हा कोण?' या प्रश्नाला पोलिश गावाने 'नवा आलेला' असे उत्तर दिले. त्याच प्रश्नाला मराठी गावाने 'आसेगावहून आलेला' असे उत्तर दिले. प्रसंग एकच आहे, उत्तर देण्याची दृष्टी निराळी आहे. पोलिश उत्तर आगमनावर थांबते; मराठी उत्तर निर्गमनस्थानाची नोंद करते. याचा परिणाम दोन्ही नावांच्या प्रसारावर झाला आहे. नवा मनुष्य प्रत्येक गावात येतो, म्हणून 'नोवाक' सर्वत्र तेच नाव राहिले आणि त्याची संख्या वाढत गेली. मराठी नवा मनुष्य मात्र प्रत्येक वेळी निराळ्या गावाहून आला, म्हणून त्याची नावे हजारो झाली आणि प्रत्येक नाव विरळ राहिले. 'परदेशी' हे आडनाव मराठीत याला अपवाद आहे. उत्तरेकडून आलेल्यांना दिलेले हे नाव गावाचा निर्देश न करता केवळ परकेपणाचा करते. इतक्या दूरचे गाव नाव देणाऱ्याच्या भूगोलात बसत नव्हते, हे त्याचे कारण असावे.

यावरून आडनावाच्या लोकप्रियतेविषयी एक सामान्य तत्त्व हाती येते. प्रत्ययाची लोकप्रियता आणि त्या प्रत्ययाने घडलेल्या एखाद्या नावाची लोकप्रियता या भिन्न गोष्टी आहेत. '-कर' हा प्रत्यय अत्यंत सर्जनक्षम आहे, आणि ज्या कारणाने तो सर्जनक्षम आहे त्याच कारणाने 'आसेगावकर' हे नाव विरळ आहे.

७

आडनाव स्थिर होण्याची प्रक्रियाही येथे लक्षात घ्यावयास हवी. वऱ्हाडातील महसुली कागदांत दीर्घकाळ 'अमुक वल्द अमुक' एवढ्याने भागत असे. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्यानंतर जमाबंदी, न्यायालये आणि विशेषतः शाळांची हजेरीपत्रके यांनी प्रत्येकाकडून आडनावाची मागणी केली. बोलण्यात जे विशेषण प्रसंगानुसार बदलत होते, ते हजेरीपत्रकात कायमचे झाले.

या प्रक्रियेचे सर्वज्ञात उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आडनावाचे आहे. त्यांचा जन्म १८९१ मध्ये महू येथे झाला. कुलाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील आंबडवे, आणि कुलनाम सकपाळ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या पटावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. 'आंबडवे' यावरून अपेक्षित असलेले 'आंबडवेकर' हे रूप पटावर नाही, त्याचे संक्षिप्त रूप आहे. या एका नोंदीत वरील सर्व विवेचन एकवटले आहे. नावाचा धारक त्या गावात जन्मला नव्हता; नोंद तिसऱ्याच गावी झाली; ध्वनिरूप ग्रामनामापासून दूर सरकले; आणि तरीही ते नाव कुलाच्या मूळ गावाची स्मृती वाहत राहिले. केवळ ध्वनिसाम्याने व्युत्पत्ती लावणारा अभ्यासक या नावावरून आंबडव्यापर्यंत पोहोचलाच असता असे खात्रीने म्हणता येत नाही. कुलाची परंपरा आणि कागद यांनीच ते गाव निश्चित केले आहे.

'-कर' या प्रत्ययाला जात नाही, हेही या उदाहरणाने स्पष्ट होते. आडनावावरून जात, कुल किंवा मूळ प्रदेश ओळखता येतो ही धारणा समाजात खोलवर रुजलेली आहे आणि ती निरुपद्रवी नाही. विवाहाच्या बोलणीत, भाड्याच्या घराच्या चौकशीत, नोकरीच्या मुलाखतीत तिचा उपयोग केला जातो. संशोधनाच्या क्षेत्रात तीच धारणा 'आडनावांवरून सामाजिक वर्गीकरण' अशा सभ्य नावाने प्रवेश करते. वाशीम जिल्ह्यासारख्या ठिकाणी तिचा पोकळपणा ताबडतोब प्रत्ययास येतो. या जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे, आणि मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्या समाजाचे श्रद्धास्थान आहे. चव्हाण, पवार, जाधव ही आडनावे बंजारा समाजात आहेत, मराठा समाजात आहेत आणि अन्य समाजांतही आहेत. नाव समान असले तरी प्रत्येकाची वाट निराळी आहे. बंजाऱ्यांमधील 'जाधव' हे 'वडतिया' या कुलनामाच्या ठिकाणी आलेले आहे. त्याचा देवगिरीच्या यादवांशी ध्वनिसाम्यावरून संबंध जोडणे व्यर्थ होय. ग्रामवाचक नावांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण गाव सर्व जातींचे असते आणि गाव सोडून जाणारेही सर्व जातींचे असतात.

८

आसेगावकर कुलांपैकी एखाद्याचे मूळ गाव निश्चित करावयाचे असेल तर त्याचा मार्ग नावाबाहेरून जातो. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नोंद कुल, गाव आणि पूर्वज यांसह केलेली असते; तेथे परगण्याचे नाव आढळल्यास एक आसेगाव दुसऱ्यापासून वेगळे काढता येते. कुलदैवत, इनामाच्या सनदा, जुन्या महसुली नोंदी, पोथीच्या पुष्पिकेतील लेखकाचे गाव ही इतर साधने होत. वाशीमच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. वाशीम हा १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता. त्या वर्षी तो मोडून त्यातील मोठा भाग अकोला जिल्ह्यात गेला, आणि १९९८ मध्ये वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला. त्यामुळे 'जिल्हा अकोला' असा उल्लेख असलेल्या विसाव्या शतकातील कागदातले आसेगाव आजच्या वाशीम जिल्ह्यातील असू शकते आणि अकोटकडीलही असू शकते. तालुक्याचा निर्देश तपासल्यावाचून केलेली नोंद येथे हमखास फसवील.

ग्रामवाचक आडनावांच्या कोशात प्रत्येक नोंदीपुढे 'अमुक गावचा राहणारा' असे लिहिण्याची पद्धत सोडून द्यावयास हवी. त्याऐवजी त्या नावाची गावे कोणकोणती, आडनावाची सर्वांत जुनी नोंद कोणत्या कागदात आणि कोणत्या ठिकाणी, आणि '-कर' व '-ए' यांपैकी कोणती रूपे आढळतात, या तीन गोष्टी नोंदविल्या तर तो कोश व्युत्पत्तीच्या विनोदापासून मुक्त होऊन वऱ्हाडातील स्थलांतराच्या इतिहासाचे साधन बनेल. गावे सोडून गेलेल्या माणसांची नोंद ठेवण्याची तसदी बखरींनी घेतली नाही आणि गॅझेटिअरांनीही फारशी घेतली नाही. ती नोंद ज्या गावांनी त्यांना ठेवून घेतले, त्यांनी या नावांच्या रूपाने केली आहे, आणि अभ्यासकाने ती त्याच दिशेने वाचली पाहिजे.